विमानतळावरची तपासणी: तारतम्य कुठे संपतं, अतिरेक कुठे सुरू होतो?

शंकासुर (धागालेखक)

जानेवारी २०१० मधली गोष्ट. बर्फामुळे इंग्लंडमधला डाँकास्टरचा विमानतळ बंद पडला होता. काही दिवसांनी तिथूनच विमान पकडायचं असलेल्या एका तरुणाने वैतागून ट्विटरवर लिहिलं की आठवड्याभरात काय ते निस्तरा, नाहीतर विमानतळ उडवून देतो. विमानतळाच्या एका अधिकाऱ्याला हे काही दिवसांनी, तेही सुटीवर असताना, सहज दिसलं. त्याने वरिष्ठाला कळवलं. वरिष्ठाने 'यात तथ्य नाही' असं ठरवलं, पण तथ्य असो वा नसो, धमकी विमानतळावरच्या पोलिसांकडे जायलाच हवी असा नियम. त्या पोलिसांनाही त्यात काही वाटलं नाही. त्यांनी ती दक्षिण यॉर्कशायर पोलिसांकडे सरकवली. मग अटक, मे महिन्यात दोषी ठरणं, ३८५ पौंड दंड, वर कोर्टखर्च, आणि नोकरी गेली. हायकोर्टाने हा सगळा प्रकार रद्द करेपर्यंत जुलै २०१२ उजाडला.

हे उदाहरण तपासणीच्या रांगेतलं नाही, कबूल. तरी सुरुवात इथून केली, कारण या साखळीतल्या जवळजवळ प्रत्येकाला कळत होतं की पोरगा चिडून बरळलाय, आणि 'सोडा हो' म्हणायची मुभा एकालाही नव्हती. रांगेतही हेच चालतं. जो फॉस हे अमेरिकेचे दुसऱ्या महायुद्धातले नामवंत वैमानिक, नंतर साउथ डकोटाचे गव्हर्नर. जानेवारी २००२ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी, फिनिक्सच्या विमानतळावर ते अडकले. कारण काय, तर खिशातल्या पदकाची टोकं. पदक म्हणजे मेडल ऑफ ऑनर, त्या देशातला सर्वोच्च लष्करी सन्मान. मागे नाव कोरलेलं. डिसेंबर २०१३ मध्ये सेंट लुईसला मोज्यापासून बनवलेल्या खेळण्यातल्या माकडाचं जेमतेम दोन इंचांचं पिस्तूल काढून घेतलं गेलं.

तपासणी करणारी माणसं मूर्ख असतात असं मला वाटत नाही. माझा मुद्दा हिशेबाचा आहे. माकडाचं पिस्तूल सोडलं तर शाबासकी देणारं कोणी नाही. सोडलेल्या हजार वस्तूंपैकी एकीने घात केला तर मात्र सोडणाऱ्याची नोकरी जाणार, चौकशी होणार, कदाचित तुरुंगही. उलट हजार निरुपद्रवी वस्तू जप्त केल्या तर त्याचं नुकसान शून्य, कारण ते सगळं प्रवाशाच्या खात्यावर पडतं. अशा हिशेबात कोणीही शहाणा माणूस ताकही फुंकूनच पिणार.

मग तारतम्य नक्की कोणी बाळगायचं? बेल्टपाशी उभ्या असलेल्या माणसाने, की वर बसून नियम लिहिणाऱ्याने? मला दुसरं वाटतं. तुम्हाला?

---

खिडकीची सीट

मला एवढंच सांगा. माझी पाण्याची बाटली बॉम्ब असू शकते म्हणून काढून घेतात, आणि तीच बाटली दोनशे माणसांच्या रांगेशेजारच्या उघड्या पिंपात टाकतात. खरंच संशय असेल तर पिंपात टाकाल का?

---

ट्रान्झिट

+१ पिंपाला. आणि मर्यादा १०० मिलीची, म्हणून ट्यूब अर्धीअधिक संपलेली असली तरी छापलेला आकडा १५० असेल तर गेली. डोळ्यांना दिसतंय आत किती आहे!

---

बेल्टपलीकडचा

मी काही वर्षं या बेल्टच्या पलीकडे काम केलंय. कुठे ते विचारू नका.

खिडकीची सीट, पिंपाचा विनोद आम्हीही करायचो. उत्तर असं की तुमची बाटली बॉम्ब आहे असा संशय कोणालाच नसतो. प्रत्येक बाटली उघडून बघायला वेळ आणि यंत्र नाही, म्हणून सरसकट बंदी. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनला जो कट पकडला गेला, त्यात शीतपेयाच्या बाटल्यांमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइडवर आधारलेलं स्फोटक भरून अटलांटिकवरची विमानं पाडायचा बेत होता. कल्पनारम्य वगैरे काही नव्हतं, २००९ मध्ये तिघे दोषी ठरले. साध्या एक्स-रेला पाणी आणि ते द्रव यातला फरक नीट सांगता येत नव्हता. म्हणून आधी जवळजवळ संपूर्ण बंदी, मग तीनेक महिन्यांच्या आत १०० मिली आणि एक लिटरची पारदर्शक पिशवी. अर्ध्या ट्यूबचंही तेच. आत किती उरलंय यावर वाद घालत बसलं तर रांग दाराबाहेर जाईल. छापलेल्या आकड्यावर वाद होत नाही.

आता शंकासुर यांच्या प्रश्नाकडे. स्क्रीनसमोर बसलेल्या माणसाचं काम किती विचित्र आहे ते बाहेरून कळत नाही. तो आयुष्यभर अशी गोष्ट शोधतो जी जवळजवळ कधीच सापडत नाही. २००५ मध्ये जेरेमी वुल्फ आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग 'नेचर'मध्ये आला होता. निम्म्या चित्रांमध्ये शोधायची वस्तू असेल तर लोकांच्या नजरेतून ७ टक्के वस्तू सुटत होत्या. शंभरात एकाच चित्रात असेल तर ३० टक्के. माणसं तीच, डोळे तेच. क्वचित सापडणारी गोष्ट मेंदू शोधेनासा होतो.

म्हणून यंत्रच मधूनमधून खोट्या बंदुकीचं किंवा स्फोटकाचं चित्र खऱ्या बॅगेवर चढवतं. तुम्ही बटण दाबलं की 'शाबास, ही चाचणी होती' असा संदेश येतो. नाही दाबलं तर तीही नोंद होते, तुमच्या नावावर. युरोपात एका बैठकीत साधारण २० मिनिटांपेक्षा जास्त वेळ स्क्रीनकडे बघू देत नाहीत. अशा कामात 'हे पदक आहे, हे सोडू या' असं तारतम्य प्रत्येकाने आपापलं वापरायचं म्हटलं तर एकाचं तारतम्य दुसऱ्याच्या तारतम्याशी जुळणार नाही. प्रवाशाला पहिली तक्रार हीच असते की 'तिकडे चाललं, इथे का नाही?'

---

तिरकस

बेल्टपलीकडचा, प्रतिसाद आवडला, पण नजर सुटते म्हणजे किती सुटते ते तरी सांगा की. जून २०१५ मध्ये बातमी फुटली होती. अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याच्याच माणसांनी वेष पालटून नकली स्फोटकं आणि शस्त्रं नेऊन पाहिली. ७० पैकी ६७ वेळा आरपार गेली. टीएसएच्या (तिथल्या विमानतळांवर तपासणी करणारी संस्था) हंगामी प्रमुखाला लगेच हलवलं. तीच संस्था माकडाचं पिस्तूल मात्र अचूक पकडते. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

आणि ते 'हावभावांवरून संशयित ओळखणे' प्रकरण. २००७ पासून साधारण ९० कोटी डॉलर ओतले. २०१३ मध्ये त्यांच्याच सरकारी लेखापरीक्षकांनी चारशेहून अधिक अभ्यासांचा आढावा घेऊन सांगितलं की हावभाव बघून खोटेपणा ओळखण्याची माणसाची क्षमता छापा-काट्याइतकी, फार तर किंचित बरी. विमानतळावर घाम फुटलेला, इकडेतिकडे बघणारा, घाईत असलेला माणूस म्हणजे कोण? सगळेच!

सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर यालाच सुरक्षेचं नाटक म्हणतो. त्याचं म्हणणं असं की ९/११ नंतर खरा फरक दोनच गोष्टींनी पडला. एक, कॉकपिटचा मजबूत दरवाजा, आणि दोन, आता प्रवासी गप्प बसत नाहीत, झडप घालतात. बाकी सगळा देखावा.

---

मधली रांग

नाटक वगैरे ठीक आहे हो, पण एअर इंडियाचं कनिष्क विमान विसरू नका. २३ जून १९८५. ३२९ माणसं. बॉम्ब असलेली बॅग विमानात चढली, तिचा मालक चढलाच नाही. टोरांटोला त्या दिवशी सामान तपासायचं एक्स-रे यंत्र मध्येच बंद पडलं आणि हातातल्या वास घेणाऱ्या उपकरणावर काम भागवलं. 'मालक नाही तर बॅग नाही' हा नियम त्यानंतर जगभर कडक झाला, लॉकरबीच्या विमानस्फोटानंतर (१९८८, २७० मृत्यू) आणखी कडक. या नियमामुळे कधीकधी विमान तासभर उशिरा सुटतं आणि आपण चरफडतो. चरफडू दे. हा अतिरेक नाही.

दरवाजाचं कौतुकही जरा जपून करा. मार्च २०१५ मध्ये जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने त्याच दाराला आतून कडी लावली आणि १५० जणांसह विमान डोंगरावर घातलं. कॅप्टन बाहेर दार ठोठावत होता.

---

तिरकस

कनिष्कबद्दल दुमत नाहीच. तो नियम साध्या तर्कावर उभा आहे आणि त्यात कोणाची चड्डी तपासावी लागत नाही.

---

सावकाश

माझं साधं मत. ऐंशी वर्षांची आजी व्हीलचेअरवर आहे, कडेवर तान्हं बाळ आहे, पोटुशी बाई आहे. यांना कशाला छळता? एवढी अक्कल तरी वापरा. तेवढा वेळ खऱ्या संशयितांवर घालवा.

---

मधली रांग

सावकाश, पोटुशी बाईंचंच उदाहरण आहे. १७ एप्रिल १९८६, हीथ्रो. एक गरोदर आयरिश तरुणी एल अल या इस्रायली कंपनीच्या विमानाने तेल अवीवला निघाली होती, होणाऱ्या नवऱ्याच्या घरच्यांना भेटायला. हीथ्रोच्या नेहमीच्या तपासणीतून तिची बॅग बिनबोभाट पार झाली. पुढे एल अलच्या माणसांनी तिला पुन्हा प्रश्न विचारले आणि बॅग रिकामी केली, तरी बॅग जड लागत होती. खोट्या तळाखाली दीड किलोच्या आसपास सेमटेक्स निघालं. तिला त्याचा पत्ताही नव्हता. होणाऱ्या नवऱ्याने, निझार हिंदावीने, तिला आणि पोटातल्या मुलाला बॉम्बची वाहक म्हणून वापरलं होतं. त्याला ४५ वर्षांची शिक्षा झाली.

'आजीला सोडा' हा नियम ज्या दिवशी जाहीर होईल त्या दिवसापासून आजीच्या बॅगेचा भाव वाढेल.

---

शंकासुर

मधली रांग, उदाहरण जबरदस्त आहे, पण ते माझ्या बाजूने जातं की तुमच्या? यंत्रातून बॅग पार झाली होती. पकडली कशी? प्रश्न विचारून आणि 'रिकामी बॅग इतकी जड कशी' असं कोणाच्या तरी हाताला जाणवून. हे तारतम्यच की! फक्त ते शिकवलेलं होतं, आणि वापरायची मुभा होती.

उलट अमेरिकेत 'बॅग तुम्हीच भरली का, कोणी काही न्यायला दिलं का' हे दोन प्रश्न काउंटरवर पोपटासारखे विचारले जायचे. लोक पोपटासारखे उत्तर द्यायचे. ऑगस्ट २००२ मध्ये बंद केले. प्रश्न चांगलेच होते. ऐकून घेणारं कोणी नव्हतं.

---

बेल्टपलीकडचा

एल अलची पद्धत सगळीकडे चालत नाही. विमानं कमी, प्रवासी कमी, प्रत्येकाशी बोलायला वेळ. आणि तिथेही प्रश्न कोणाला जास्त विचारले जातात याबद्दल अरब प्रवाशांना विचारा. तुम्ही ज्याला तारतम्य म्हणता ते दाढी, पगडी, आडनाव बघून काम करायला लागायला वेळ लागत नाही. मी पाहिलंय. बेल्टपाशी मोकळीक द्या म्हणणाऱ्यांचं आडनाव बहुतेक वेळा सोयीचं असतं.

(हा शेवटचा टोमणा तुम्हाला नाही.)

---

शंकासुर

टोमणा मलाच असला तरी घेतला. म्हणूनच मी वर लिहिलं होतं की तारतम्य नियम लिहिणाऱ्याने बाळगावं.

---

पंपवाली

वरची चर्चा वाचून राहवलं नाही. मला टाइप १ मधुमेह आहे. पोटाला इन्सुलिन पंप, दंडाला ग्लुकोज सेन्सर. काही पंप बनवणाऱ्या कंपन्या स्पष्ट सांगतात की पंप एक्स-रेमधून किंवा बॉडी स्कॅनरमधून नेऊ नका, हाताने झडती मागा. आता हे वाक्य रांगेत, मागे वीस माणसं उसासे टाकत असताना, दर वेळी नव्या माणसाला सांगायचं.

एका विमानतळावर (नाव घेत नाही) बाई म्हणाल्या, पंप काढून ट्रेमध्ये ठेवा. मी म्हटलं, काढता येतो पण यंत्रातून जाऊ देणार नाही. 'मग आत जाता येणार नाही.' मी कंपनीचं पत्रक दाखवलं. 'पत्रक कोणीही छापेल.' शेवटी त्यांच्या वरिष्ठ आल्या, दोन मिनिटांत हाताने झडती घेतली, पंप हाताळलेल्या माझ्या बोटांवरून कापडाची पट्टी फिरवून यंत्रात घातली, झालं. स्फोटकाचे कण आहेत का हे ती पट्टी सांगते. म्हणजे सुरक्षित पर्याय नियमात होताच! पहिल्या बाईंना तो माहीत नव्हता किंवा वापरायची भीती होती.

त्यामुळे मला 'तारतम्य विरुद्ध नियम' हा वादच थोडा फसवा वाटतो. मला कोणाची दया नकोय, नियमच पाळलेला हवाय. औषधं, बाळाचं दूध यांना १०० मिलीतून सूट आहे, हे लिहिलेलं आहे. तरी दर वेळी ती सूट म्हणजे जणू उपकार. नर्तकी-अभिनेत्री सुधा चंद्रन यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये कृत्रिम पाय दर वेळी काढायला लावतात म्हणून व्हिडिओ टाकला तेव्हा सीआयएसएफने माफी मागितली. त्या सुधा चंद्रन होत्या म्हणून. बाकीच्यांनी पाय काढायचा आणि बसायचं.

त्या पट्टीचीही एक गंमत. हाताला ग्लिसरीनचं क्रीम लावलेलं असेल, शेतात खत हाताळलेलं असेल, हृदयाची नायट्रोग्लिसरीनची गोळी घेतलेली असेल, तरी यंत्र बोंबलू शकतं. झडतीच्या दिवशी हात कोरडे ठेवते मी.

---

खिडकीची सीट

पंपवाली ताई, 'पत्रक कोणीही छापेल' वाचून डोकं फिरलं.

---

ट्रान्झिट

सुधा चंद्रनवरून आठवलं, कलामांचं काय? एप्रिल २००९, दिल्ली. माजी राष्ट्रपती, झडतीतून सूट असलेल्यांच्या यादीत नाव, तरी एका अमेरिकन विमान कंपनीच्या लोकांनी अंगझडती घेतली. केवढा गदारोळ झाला. पुढे कंपनीने माफी मागितली.

---

तिरकस

कलाम स्वतः निमूट उभे राहिले होते, गदारोळ बाकीच्यांनी केला. मला विचाराल तर ती सूट-यादीच रद्द करा. नियम लिहिणारे स्वतः रांगेत उभे राहिले, बूट काढले, पट्टा काढला, पँट सावरत चालले, की नियमांत आपोआप सुधारणा होईल.

---

सावकाश

अवांतर: पॉवर बँक चेक-इनमध्ये नको, हातात हवी, हा काय प्रकार? धोकादायक असेल तर माणसांजवळ कशाला?

---

बेल्टपलीकडचा

ते अगदी बरोबर आहे. लिथियम बॅटरी पेटली तर केबिनमध्ये दिसते, विझवता येते. पोटातल्या सामानात पेटली तर कळेपर्यंत उशीर. मर्यादा १०० वॉट-तास. १०० ते १६० पर्यंत कंपनीची परवानगी लागते. २०,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे ७४ वॉट-तास, चालतं. आकडा पुसलेला असेल तर वाद घालू नका, तुम्ही हराल. जानेवारी २०२५ मध्ये एअर बुसानचं विमान गिम्हे विमानतळावर उभ्या उभ्या जळलं, त्यानंतर दक्षिण कोरियाने पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवायलाही बंदी केली. हा सुरक्षेचा देखावा नाही, आगीचं साधं शास्त्र आहे. ज्या नियमामागचं कारण दोन वाक्यांत सांगता येतं तो लोक पाळतात, असा माझा अनुभव.

---

शंकासुर

हे शेवटचं वाक्य पकडतो. बुटांचं कारण दोन वाक्यांत सांगता येत होतं: डिसेंबर २००१ मध्ये रिचर्ड रीडने पॅरिस-मायामी विमानात बुटातलं स्फोटक पेटवायचा प्रयत्न केला. बरं. अमेरिकेत बूट काढणं सक्तीचं झालं ऑगस्ट २००६ मध्ये आणि सरसकट बंद झालं जुलै २०२५ मध्ये. मधल्या काळात त्याच देशात पैसे भरून आगाऊ नोंदणी केलेला माणूस बूट घालून पलीकडे जात होता. २०१२ पासून पंचाहत्तरी उलटलेलेही. मग ज्याचे बूट निघत होते ते नक्की कशासाठी?

तसंच द्रवांचं. नवे सीटी स्कॅनर बॅगेचं त्रिमितीय चित्र काढतात. युरोपातल्या काही विमानतळांनी त्या भरवशावर १०० मिलीची अट उठवली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपीय संघाने ती तात्पुरती पुन्हा बसवली. यंत्र तेच, बाटली तीच.

आणखी एक. रांग लांबली की रांगच लक्ष्य होते. ब्रसेल्सला मार्च २०१६ मध्ये स्फोट झाले ते निर्गमन कक्षात, तपासणीच्या अलीकडे. बूट-पट्टा-लॅपटॉपचा प्रत्येक जादा मिनिट तिथली गर्दी वाढवतो, याचा हिशेब कोणत्या रकान्यात मांडतात?

माझी मागणी एवढीच: असा प्रत्येक नियम मुदतीसह यावा. दोन वर्षं, तीन वर्षं. मुदत संपली की कारणासह पुन्हा मांडा, नाही मांडला तर आपोआप गेला.

---

मधली रांग

कागदावर छान. प्रत्यक्षात मुदतवाढीच्या कागदावर 'नको' अशी सही कोण करेल? मार्च २०१३ मध्ये टीएसएचे प्रमुख जॉन पिस्टोल म्हणाले होते, ६ सेंटिमीटरपर्यंतचा छोटा चाकू चालू द्या, स्फोटकांकडे लक्ष द्या. युरोपात तेवढं पातं चालतंच. हवाई सुंदऱ्यांच्या संघटना, वैमानिक, खासदार सगळे तुटून पडले. जूनमध्ये प्रस्ताव गुंडाळला.

---

तिरकस

पण डिसेंबर २००५ मध्ये चार इंची कात्री आणि सात इंचांपर्यंतची अवजारं सोडली होती, तेव्हाही ओरड झाली होती, आणि तो नियम टिकला. म्हणजे सही करणारं कोणी तरी असतं.

---

बेल्टपलीकडचा

मुदतीने काम होणार नाही, भीतीपोटी दर वेळी मुदतवाढ मिळेल. त्यापेक्षा चुकीच्या अलार्मचे आकडे जाहीर करा. किती बॅगा उघडल्या, त्यातून खरोखर धोक्याचं काय निघालं, किती वस्तू पिंपात गेल्या. सुटलेल्या वस्तूंचे आकडे लपवा, ते शत्रूच्या उपयोगाचे. फुकट उघडलेल्या बॅगांचे आकडे कोणत्या शत्रूच्या उपयोगाचे?

---

शंकासुर

ते मोजतं का कोणी?

---

बेल्टपलीकडचा

मोजायचं काय त्यात! कोणत्या माणसाने किती वाजता कोणती बॅग बाजूला काढली, खोट्या चित्रांपैकी किती ओळखली, किती हुकली, विनाकारण किती वेळा बटण दाबलं, हे यंत्रात आपोआप साठतं. माझं सगळं साठलेलं होतं, दर महिन्याला कागद हातात यायचा. विनाकारण दाबलेल्या बटणांबद्दल मला कधी कोणी बोललं नाही. हुकलेल्या एका चित्राबद्दल पुन्हा प्रशिक्षणाला पाठवलं.